चामडं आत नको

लताबाई रामटेके भडकल्या की त्यांचा आवाज चढत नाही, खाली येतो. जयपूरच्या रेल्वे हॉस्पिटलात ज्यांनी त्यांच्या हाताखाली दिवस काढले त्यांना हे पक्कं ठाऊक होतं. सिस्टर हळू बोलायला लागल्या की वॉर्डबॉयसुद्धा चप्पल न वाजवता चालायचे. पण सांवलहेडा गावाला हे कुठून ठाऊक असणार? त्या गावानं पाहिली ती दर रविवारी दोन बस बदलून येणारी, गुडघे चोळत ओट्यावर बसणारी, गोड बोलणारी एक रिटायर्ड बाई. गाव फसलं, दुसरं काय!

सांवलहेडा म्हणजे बस्सीच्याही पुढे, आग्रा रोड सोडून आत. लताबाई राहायला वैशाली नगरात, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. रिटायर झाल्यावर बायका योगा करतात, नातवंडं सांभाळतात, राजा पार्कात खरेदीला जातात. यांनी भलतंच खूळ घेतलं. लसीकरणाच्या शिबिराला म्हणून गेल्या आणि तिथं त्यांना रणजीत भेटला. हा गावातल्या सगळ्यात मोठ्या हवेलीतला, चाळिशीचा, बोलका आणि मनानं बरा. जुन्या शाळेची एक खोली रिकामी पडली होती. तिथं गावाचा इतिहास मांडायचा, घराघरातल्या जुन्या वस्तू आणायच्या, म्हाताऱ्यांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या, ही कल्पना त्याचीच. कल्पना होती, राबायला माणूस नव्हतं. लताबाई म्हणाल्या, "मी येते." झालं!

दोन वर्षं बाई राबल्या. कुणाच्या माळ्यावरून जातं काढलं, कुणाच्या पेटीतून आजीची लग्नातली ओढणी. जखम धुवावी तशी एकेक वस्तू कापसानं पुसायची, तेल लावायचं, खाली चिठ्ठी लावायची: काय आहे, कुणाच्या घरचं, कुणाच्या हातचं. 'कुणाच्या हातचं' हे त्या न चुकता लिहायच्या. रणजीतच्या हवेलीतून तर थाटच आला. पणजोबांची तलवार, ढाल, घोड्याचं खोगीर, जरीच्या मोजड्या. तलवारीला पुढचं टेबल मिळालं आणि लताबाईंनी त्याला हरकत घेतली नाही. तलवार देखणी होती, खोटं कशाला बोला?

मग एका रविवारी त्या खालच्या मोहल्ल्यात भूरी काकीकडे गेल्या. खालचा मोहल्ला म्हणजे चामड्याचं काम करणाऱ्यांचा. आता तिथं कुणी ते करत नाही, पोरं बस्सीला आणि जयपूरला कामाला जातात. पण गावाच्या डोक्यातून मोहल्ला काही वर आलेला नाही. भूरी काकी ऐंशीला टेकलेली. तिच्या घरात आढ्याला धुरानं काळंकुट्ट झालेलं काहीतरी लटकत होतं. लताबाईंनी मान वर केली आणि त्यांच्या तोंडून मराठीतच निघालं, "अगं बाई, मोट!"

इकडे तिला चडस म्हणतात. बैलांनी विहिरीतून पाणी ओढायची ती भलीमोठी चामड्याची पिशवी. काकीच्या सासऱ्यानं, हरजीनं शिवलेली. पंप येईपर्यंत सांवलहेड्याचा गहू, सांवलहेड्याचं जिरं याच मोटांच्या पाण्यावर पिकलं. गावात एकही उरली नव्हती. उरली होती ती ही.

"खोलीत ठेवू या, काकी," लताबाई म्हणाल्या.

काकीनं वर आढ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "सिस्टरजी, माझी पोरं त्याच शाळेत शिकली. दाराबाहेर बसून. ही पण दाराबाहेर ठेवणार असाल तर राहू द्या, इथंच टांगलेली बरी."

"आत ठेवीन. पुढं ठेवीन. माझा शब्द."

शब्द देऊन बसल्या बाई. आणि मोट घेऊन आल्या वैशाली नगरच्या फ्लॅटमध्ये! बाल्कनीत चादर अंथरून रोज एरंडेल चोळायच्या. असा वास सुटला की शेजारच्या बाईंनी खिडक्या लावून घेतल्या. भीमराव, म्हणजे लताबाईंचे यजमान, रेल्वेच्या लोको शेडमधून रिटायर झालेले शांत गृहस्थ, दोन दिवस नाकाला रुमाल लावून फिरले. तिसऱ्या दिवशी त्यांनाही राहवलं नाही.

"मले एक सांग, लता. तुह्या आज्यानं जन्मभर मेलेली ढोरं ओढली. तुह्या बापानं ते काम गावासमोर लाथाडलं, मार खाल्ला, गाव सोडलं, तवा कुठं तू नर्स झाली. त्यानं जे टाकून देल्लं ते तू एवढ्या लाडानं काऊन उचलून रायली?"

लताबाईंचा हात थांबला. हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नव्हता असं नाही. घरात चामड्याचा विषयसुद्धा निघू न देणारा बाप त्यांना डोळ्यांपुढं दिसत होता.

"बाबानं काम टाकलं," त्या म्हणाल्या, "आन् बरोबर केलं. पण त्या गावाच्या शाळेत आजही भिंतीवर पाटलाचं नाव हाये. माह्या आज्याचं कुठंच नाई. जसं काही गावातली ढोरं आपल्या पायानं चालत गावाबाहेर जाऊन मरत होती! मले काम नाई पाहिजे परत. नाव पाहिजे."

भीमरावांनी रुमाल खिशात घातला आणि एरंडेलाची बाटली पुढं सरकवली. त्यांचं प्रेम असंच असतं, बोलून दाखवायचं नाही.

मोट मऊ झाली, जिवंत झाली. खोलीत, तलवारीशेजारच्याच टेबलावर चढली. चिठ्ठी लागली: चडस, भूरीदेवींच्या घरची, हरजींच्या हातची. उद्घाटन आखातीजेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला ठरलं. गावाचा दिवस, जेवणावळ, तहसिलीतून पाहुणे. आणि आदल्या दिवशी दुपारी रणजीत कान खाजवत खोलीत आला. तो कान खाजवायला लागला की काहीतरी शेण खाल्लेलं असतं, एवढं लताबाईंना आता कळायला लागलं होतं.

"आंटीजी, छोटीशी गोष्ट आहे. काकोसा म्हणतात, उद्या आत देवीची तसबीर राहणार, दिवा लागणार. तर... चामडं आत नको."

काकोसा म्हणजे रणजीतचे काका, हवेलीतले वडीलधारे. पांढऱ्या मिश्या, कडक इस्त्री, आणि गावात त्यांच्या शब्दाला 'का?' विचारायची पद्धत नाही.

"म्हणजे मोट नको," लताबाई म्हणाल्या.

"एकच दिवस, आंटीजी. मागच्या कोठीत ठेवू. परवा मी स्वतः, माझ्या हातानं परत आणून ठेवतो. तुमची शपथ."

आता खरं सांगायचं तर हा एक दिवस फार वाईट असतो. कायमचं 'नाही' म्हणणाऱ्याशी भांडता येतं. एक दिवस मागणारा हात जोडून मागतो, आणि नाही म्हणणारा आडमुठा ठरतो. पण नेमका त्याच दिवशी सगळं गाव येणार होतं, भूरी काकी येणार होती, तिची नातवंडं येणार होती. परवा रिकाम्या खोलीत मोट मांडून काय कपाळ बघायचं? लताबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. आणि त्यांचा आवाज खाली आला.

"चामडं आत नको. एवढाच नियम ना?"

"हो जी."

"सगळ्यांना सारखा?"

"नियम म्हणजे नियमच, आंटीजी," सुटलो म्हणून रणजीत हसला. बिचाऱ्यानं रेल्वे हॉस्पिटलात कधी नोकरी केली नव्हती.

आखातीजेला सकाळी लताबाई भीमरावांना घेऊनच उतरल्या. मांडव पडलेला, कढईत पुऱ्या फुगत होत्या. खोली उघडून त्यांनी पदर खोचला आणि कामाला लागल्या. मोट उचलून व्हरांड्यात ठेवली, अगदी आज्ञेप्रमाणे. मग परत आत गेल्या आणि खोगीर आणलं. मग ढाल, म्हशीच्या कातड्याची. मग जरीच्या मोजड्या. मग तलवार म्यानातून काढली, नागडी तलवार टेबलावर आणि लाल म्यान व्हरांड्यात, मोटेच्या शेजारी. पोस्टमनची जुनी बॅग, रेडिओचं कव्हर, ढोलक. देवळातला नगारा आरतीसाठी दाराशी आणला होता, तोही भीमरावांनी ढकलत ढकलत बाहेर नेला. आत काय उरलं? जातं, ओढण्या, पितळेची भांडी आणि थंडी वाजत असल्यासारखी तलवार.

रणजीत धावत आला. "आंटीजी, हे काय?"

"चामडं. सगळं बाहेर काढलं. तुमचा पट्टा राहिला."

त्यानं खाली कमरेकडे बघितलं. बघ्यांपैकी एक बाई पदरात तोंड खुपसून खुसुखुसु हसली. आणि देवाशप्पथ, रणजीतनं पट्टा काढला, मोटेशेजारी ठेवला, आणि एका हातानं पँट धरून उभा राहिला. लोकांची गर्दी जमत होती ती व्हरांड्यातच. बघण्यासारखं सगळं तिथंच होतं ना! खालच्या मोहल्ल्याची माणसं कोपऱ्यात उभी होती, भूरी काकी पुढं, काठी टेकून. तिनं मोट बाहेर पाहिली होती आणि ती लताबाईंकडे बघत नव्हती. ते न बघणं लताबाईंना काळजात टोचलं.

काकोसा आले. कुणीतरी लगबगीनं त्यांच्या हातात चहाचा ग्लास दिला. लताबाईंच्याच थर्मासमधला, नेहमीसारखा. त्यांचा आल्याचा चहा काकोसांना आवडायचा. म्यान पाहून त्यांचा घोट घशातच राहिला.

"हा काय तमाशा आहे?"

"तुमचाच नियम आहे, काकोसा. चामडं आत नको."

"हे खानदानी म्यान आहे!"

"असेल. पण चामड्याचं आहे. म्यान आत जाणार असेल तर मोट आत जाईल. आधी मोट."

"ते आणि हे एक नाही."

"काय फरक आहे?" लताबाईंचा आवाज इतका खाली आला की मागची माणसं पुढं सरकली. "दोन्ही म्हशीच्या पाठीवरचं. फरक चामड्यात नाही, कुणाच्या घरून आलं त्यात आहे. मग तसं म्हणा ना. पाहुणे आहेत, पोरंबाळं आहेत. मोठ्यानं म्हणा."

काकोसांना ते म्हणता येईना. तहसिलीचे साहेब समोर, लोकांचे मोबाइल वर. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि सूर बदलला, समजुतीचा केला. "बाईसाहेब, तुम्ही बाहेरच्या. शिकलेल्या, चांगल्या घरच्या. तुम्हाला इथल्या रीती कशा कळणार?"

"चांगल्या घरची तर आहेच मी," लताबाई म्हणाल्या. "माझा आजा आमच्या गावची मेलेली ढोरं ओढायचा. त्याच कातड्याच्या मोटा गावाच्या मळ्यात पाणी ओढायच्या, आणि त्या विहिरीला हात लावायची त्याला सोय नव्हती. तुमची रीत मला कळत नाही? तुमच्याआधी कळते. दोन वर्षं माझ्या हातचा चहा पिताय, काकोसा, मी कोणत्या घरची ते आज विचारलंत."

काकोसांनी हातातल्या ग्लासाकडे पाहिलं. मग वाकले आणि तो पायरीवर ठेवला. अर्धा भरलेला. हळूच ठेवला, पण सगळ्या गावानं पाहिला. लताबाईंना वाटलं होतं की इतक्या वर्षांनी आता असं काही लागणार नाही. लागलं. चांगलंच लागलं. भीमराव पुढं आले, तो ग्लास त्यांनी उचलला, आणि उरलेला चहा तिथंच उभं राहून, घोट घोट करत पिऊन टाकला.

काकोसांनी म्यान उचललं, आतून तलवार आणली, पातं म्यानात सारलं. "ही शाळेची जमीन आमच्या वडिलांनी दिली आहे. उद्यापासून या खोलीला कुलूप. रणजीत, चल."

"जमीन दिली तेव्हाच पंचायतीची झाली, काकोसा," रणजीत म्हणाला. पँट अजून हातात होती, पण तो जागचा हलला नाही.

काकोसा एकटेच गेले. मागोमाग दोन-चार फेटे गेले. बाकीचे उभे राहिले. कुणी हिमतीनं, कुणी पुऱ्यांसाठी, उगाच सगळ्यांना शूर का म्हणा?

लताबाई मोट उचलायला वाकल्या. भूरी काकीची काठी आडवी आली.

"मी नेते."

ती मोट एका तरण्या माणसालाही जड. काकीनं ती छातीशी धरली, एरंडेलात लुगडं माखलं, आणि ती त्या दारातून आत गेली. पुढचं टेबल रिकामं झालंच होतं. त्यावर तिनं मोट ठेवली, चुरगळलेली कड सरळ केली. साहेब घड्याळ बघत म्हणाले की दिवा लावायचा होता तो कोण लावणार, ज्यांच्या हस्ते ठरलं होतं ते तर गेले.

लताबाईंनी काड्यांची पेटी भूरी काकीपुढं धरली. काकीचे दोन्ही हात तेलानं आणि चामड्याच्या काळपटपणानं भरले होते. कुणीतरी मागून म्हणालं, आधी हात तरी धुऊ द्या तिला.

"नाही धुवत," भूरी काकी म्हणाली, आणि त्याच हातांनी तिनं काडी ओढली.