मोतीबिंदू पिकायची वाट

माझ्या आईची नजर माझ्यामुळं गेली. हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

खुलताबादच्या पुढं, डोंगराच्या कडेला आमचं गाव. मी सातवीत असताना वडील गेले. धाकटी बहीण तेव्हा शाळेतही जात नव्हती. आईनं आम्हा दोघांना दुसऱ्यांच्या रानात राबून वाढवलं. कापूस वेचण्यात तिचा हात धरणारी बाई गावात नव्हती. कमरेला फडकं बांधून दोन ओळींच्या मधून चालायची. उजव्या हातानं उजवीकडचं बोंड, डाव्यानं डावीकडचं, आणि नजर सरळ समोर. संध्याकाळी बोटांची टोकं सोललेली असायची. त्याच बोटांनी ती आमच्यासाठी भाकरी थापायची आणि तव्याचा चटका बसला की हसायची. मी शहरात विज्ञानाचा शिक्षक झालो, तेव्हा तिनं अख्ख्या गावाला सांगितलं, "आता माझ्या घरात शिकलेलं माणूस हाय."

मग एका वेचणीत तिची डावीकडची बोंडं झाडावरच राहायला लागली. बायका चिडवायच्या, "काकू, तुझी डावी बाजू माहेरी गेली काय गं?" ती म्हणायची, "व्हय, गेलीय. येईल चार दिसांनी."

त्या संक्रांतीला ती शहरात, पुंडलिकनगरला माझ्याकडं आली. दाराच्या चौकटीला दोनदा खांदा आपटला, बाजूला ठेवलेला चहा सांडला. पण गोधडी शिवायला बसली तर सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवला. मी म्हणालो, "आई, सुईचं भोक दिसतं आणि दार दिसत नाही? कमाल आहे तुझी."

"चेष्टा नको करू, बाबा," ती म्हणाली. "मधलं दिसतंय, कडंचं गेलंय. जात्याच्या तोंडातून बघितल्यावानी."

मी दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर तपासत होतो. मान वर न करता म्हणालो, "मोतीबिंदू असंल. पिकू दे, मग काढू."

आमच्या गावात सगळे असंच म्हणतात. मोतीबिंदू आंब्यासारखा पिकावा लागतो, कच्चा काढला तर डोळा जातो. डॉक्टरांनी हे कधीच सोडून दिलंय, आणि मी नववी-दहावीला डोळ्याची आकृती शिकवणारा माणूस, मला ते ठाऊक होतं. पण दवाखाना म्हणजे रजा, दिवसभराची रांग, आणि नवीन फ्लॅटमध्ये सामान लावायचं अजून राहिलं होतं. गावचं बोलणं त्या क्षणी माझ्या सोयीचं होतं. तिनं ते प्रमाण मानलं. शेजारणी दवाखान्याचं बोलल्या की म्हणायची, "माझा मास्तर म्हणतोय, पिकू दे."

असे दोन हंगाम गेले. मग ती बांधावरून खाली पडली, तेव्हा मी तिला शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिला बाहेर बसवलं आणि मला सांगितलं, मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढून नस सुकली. गेलेली नजर परत येत नाही; दोन वर्षं आधी आणलं असतं तर बरीच वाचली असती. आणि हा आजार घराण्यात उतरतो, तुम्ही भावंडांनीही तपासून घ्या.

बाहेर आलो. ती बाकावर पदर सावरून बसली होती. "काय म्हणला डाक्टर?"

"अजून कच्चा आहे," मी म्हणालो.

उरलीसुरली नजर टिकावी म्हणून थेंब दिले होते. ते पिकायचं औषध आहे असं मी तिला सांगितलं. तीन वर्षं तिनं एक दिवस चुकवला नाही. फोनवर विचारायची, "आता पिकला असंल का रं? नातवंडांची तोंडं लई धुरकट झालीत."

पुढं गावात डोळ्यांचं शिबिर आलं. शेजारणीचा हात धरून ती गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, "आजी, याचं ऑपरेशन होत नाही. ही नजर आता येणार नाही. घरच्यांना कुणी सांगितलं नाही का?"

शेजारीण मला नंतर म्हणाली, तुझी आई तिथं भांडली. "माझ्या पोराला म्हाईत असतं तर त्यानं मला खांद्यावर घालून नेली असती," म्हणाली. "त्यालाबी फसवलं त्या डाक्टरनं."

मी गावी गेलो, तर मलाच धीर द्यायला लागली. माझा चेहरा चाचपून म्हणाली, "तू मनाला लावून घेऊ नको. तुझा काय दोष?" मी तिच्यासमोर बसलो होतो. घरात तिसरं कुणी नव्हतं. बोलायला याहून मोकळी जागा आयुष्यात पुन्हा मिळणार नव्हती. मी म्हणालो, "चहा टाकू का?"

पुढच्या पावसाळ्यात चार दिवसांच्या तापानं ती गेली.

यंदा बहिणीचा फोन आला. ती अजिंठ्याकडं दिलेली, तिथं तीही रानात राबते. म्हणाली, "दादा, मलाबी आईसारखंच होतंय. कडंचं दिसत नाय. मोतीबिंदू असंल. पिकला की येते तुझ्याकडं."

मग मी सांगितलं. सगळं, उभ्या उभ्या. शेवटी ती एवढंच म्हणाली, "घराण्यात येतं म्हणला व्हता डाक्टर?"

"व्हय."

"तू तुझं तपासलंस?"

"व्हय."

"कधी?"

आईचं कळलं त्याच आठवड्यात मी एकटा जाऊन माझे डोळे तपासून आलो होतो. चांगले निघाले. बहिणीला सांगायचं तर आईचं सांगावं लागलं असतं, म्हणून मी गप्प बसलो. मी म्हणालो, "तेव्हाच." फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी ती एसटीनं आली. दवाखान्यात माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसली. डावा डोळा बराचसा गेलेला, उजवा औषधावर टिकेल, असं निघालं. तिनं डॉक्टरांना विचारलं, "आईच्या वक्ताला आले असते तर? नऊ वर्षं झाली." डॉक्टर म्हणाले, "तेव्हा सापडलं असतं, तर डावाही वाचला असता." तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

बाहेर कडक ऊन होतं. तपासणीच्या थेंबांनी तिला डोळे उघडवत नव्हते. मी हात पुढं केला.

"नको," ती म्हणाली, आणि भिंत चाचपत रस्त्याकडं निघाली. डावीकडून रिक्षा आली, ती तिला दिसली नाही. मी ओरडलो. रिक्षावाल्यानं करकचून ब्रेक मारला, "ओ बाई, अंधे हो क्या?" म्हणून खेकसला.

ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. मी धावत जाऊन दंड धरला. तिनं तो सोडवून घेतला.