आंबिलाची रेघ

लातूरच्या दवाखान्यात आक्काच्या हाताला सलाईन लावलेलं होतं, तरी तिचा जीव येळवशीच्या अमावास्येत अडकला होता. "शिवा, येळवस जवळ आली रे. औंदा टेकडीला चर कोन शिंपनार?" मी म्हणालो, "मी आहे ना." त्यावर ती एवढी हसली की खोकल्याची उबळ आली. "तू? तुला दवाखान्याचा जिना चढवंना, आन् टेकडीला फेरी मारतूस व्हय!" मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिली... आमचं तेवढंच शेवटचं बोलणं. आठवडाभरानं, मी आडतीचं दुकान उघडत असताना फोन आला. आमच्या रीतीप्रमाणे तिला तिच्याच शेतात, टेकडीकडे तोंड करून बसवून समाधी दिली. मी लातूरला परतलो, पण टेकडीला चर कोण शिंपणार, हा तिचा सवाल काही माझी पाठ सोडेना.

आक्का माझी थोरली बहीण. तिला दिली चाकूरजवळच्या एका गावात. दाजी लवकर गेले, मूलबाळ नव्हतं, आणि शेत होतं ते नेमकं माळाला खेटून, टेकडीच्या पायथ्याशी. बाहत्तरच्या दुष्काळात त्या माळावर गवताची काडी राहिली नव्हती, लोकांनी मुळ्या खणून जनावरांपुढे टाकल्या होत्या. पुढे लातूरचा वेगळा जिल्हा झाला, नवे साहेब आले आणि माळ राखीव करून चराई बंद झाली. दोन-चार पावसाळ्यांत गवत आलं. गवतामागे हरणं आली आणि हरणांनी आक्काचा हरभरा आपल्याच बापाचा समजून खायला सुरुवात केली. कळपच्या कळप एका जागी बसायचे, शेतात आणि टेकडीवरही. जिथं बसतील तिथली जमीन पुन्हा उघडी पडायची. डबडी वाजवून वाजवून आक्काचे हात दुखायचे, पण हरणांना त्याचं काय! अशात उमरीकडच्या एका कोरड्या विहिरीत लांडग्यांची जोडी पडली. वनखात्याच्या लोकांनी ती बाहेर काढली आणि पिंजऱ्यातून आणून आमच्या माळावर सोडली. गावानं शिव्यांची लाखोली वाहिली. दुष्काळ दिला तो दिला, आता लांडगेही आमच्याच उरावर का? त्यात पहिली शिवी आक्काचीच होती, आणि ती मला इथं लिहिता येणार नाही.

पण त्या हिवाळ्यात तिचा हरभरा उभा राहिला. मी गेलो तेव्हा ती बांधावर कमरेवर हात ठेवून उभी होती. "हरनं आता निवांत बसत न्हाईत रे. हितलं दोन घास, तितलं दोन घास, की चालली म्होरं." टेकडीवरचे उघडे तुकडे पुढच्या पावसाळ्यात गवतानं भरले. ओढ्याला गढूळ लोंढा यायचा तो निवळ यायला लागला, आणि बऱ्याच उशिरापर्यंत वाहायलाही लागला. हे सगळं लांडग्यांनीच केलं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, आम्ही तुरीच्या आडतीतली माणसं. आक्काला मात्र शंका नव्हती. लांडग्यानं तिचीच लाडकी शेळी नेली तेव्हा ती दिवसभर जेवली नाही. संध्याकाळी म्हणाली, "ऱ्हाऊ दे. राखन केली, मजुरी नेली."

गावात बापूरावच्या शेळ्या सगळ्यांत जास्त, त्यामुळे नुकसानही त्याचंच जास्त. त्याचा राग खोटा नव्हता. एका येळवशीच्या दिवशी त्यानं पिकावर मारायच्या एन्ड्रीन विषाची बाटली आणली. मेलेल्या शेळीत ते घालून टेकडीवर टाकायचं, हे त्यानं गावाला उघड सांगितलं. टेकडीच्या बिळात लांडगीची पिल्लं होती, हे आक्काला ठाऊक होतं. येळवशीला आमच्याकडे सगळं गाव रानात जेवतं. कडब्याच्या कोपीत लक्ष्मी मांडतात आणि बिंदग्यातली, म्हणजे लहान घागरीतली, ताकातली ज्वारीची आंबील शिंपडत शेताला फेरी घालतात, तिलाच चर म्हणतात; चराच्या आतलं सगळं लक्ष्मीचं. चर शिंपायचं काम पुरुषांचं. आक्कानं पितळी बिंदगं स्वतःच काखेत घेतलं, "ओलगे ओलगे सालम पोलगे" ओरडत शेताला फेरी मारली आणि बांधावर न थांबता तशीच टेकडीकडे वळली. बायका तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. अख्ख्या टेकडीला वळसा घालून ती परत आली तेव्हा बिंदगं रिकामं होतं आणि टाचा फुटल्या होत्या.

बापूरावसमोर उभी राहून ती म्हणाली, "टेकडीला चर शिंपलाय. आता ती बी आमच्या रानातच आली. चराच्या आत इख टाकायचं आसंल तर टाक बाबा. लक्षुमी पुना तुझ्या कोपीत यील का न्हाई, ते तूच बघ." बापूरावनं बाटली काखेत मारली. "आन् उभा काय ऱ्हायलास? आधी जेव, मग बोल." येळवशीचं बोलावणं कुणी मोडत नाही. तो फुगून बसला, पण जेवला. भज्जी, उंडे, वर वाट्यावर वाट्या आंबील. मग पुटपुटत घरी गेला, बाटली घेऊन.

तेव्हापासून दर येळवशीला आक्का टेकडीला फेरी घालत आली. बापूरावनं शेळ्यांना काटेरी कुंपण केलं, आणि तिच्याशी वर्षानुवर्षं धड बोलला नाही.

परवाच्या येळवशीला आक्काचं बिंदगं भरून मी काठी टेकत गेलो. एक वर्ष रेघ चुकली की टेकडी पुन्हा नुसती टेकडी, आणि विषाच्या बाटल्या काय, दुकानात आजही मिळतात... पायथ्याशी पोचलो आणि थबकलो. दगडांवर आंबिलाचे ओले पांढरे शिंतोडे होते, गवताच्या तुऱ्यांना ज्वारीच्या कण्या चिकटल्या होत्या. शिंतोडे धरून चालत गेलो, तर आक्काच्या समाधीपाशी बापूराव धापा टाकत बसलेला. पार वाकलेला, शेजारी रिकामं बिंदगं.

"बापूराव, तुम्ही?"

"मंग कोन? लई मोठी फेरी हाय बाबा. बसत बसत मारली."

"पण तुमच्या शेळ्या..."

"औंदा बी एक नेली हलकटानं," तो म्हणाला. "पर तिच्या चराच्या आत जेवलो न्हवं का म्या? तवा तोंडानं काय कबूल केलं न्हाई. पर जेवलो, म्हंजी मानलंच की."

मला रडू आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं. काय बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, तर म्हाताऱ्यानं माझा हात धरून मला खाली बसवलं.

"आधी जेव," तो म्हणाला, "मग बोल."

आक्काच्या बिंदग्यातली आंबील आम्ही दोघांनी तिथंच बसून संपवली. येताना ते बिंदगं मी बापूरावच्या कोपीत ठेवून आलो.