झेडॉक थेअरनं जाळलेला दाखला

आमच्या हार्टवेल गावात पिंप म्हटलं की झेडॉक थेअरचंच. मॅसॅच्युसेट्सच्या या डोंगरपट्ट्यात सफरचंदाची दारू भरायला त्याच्यासारखं न गळणारं पिंप दुसरं कुणी करत नव्हतं. अंगानं ओकाच्या फळीसारखा, बोलायला तोडका, अन् एकदा नाही म्हटला की बैल लावून ओढला तरी हलायचा नाही. त्याच्या पंथाची माणसं गावात सात घरं. बाप्तिस्म्याला बाळाच्या कपाळाला पाणी लावणं त्यांना मंजूर नाही. माणूस जाणता झाला की नदीत आख्खा बुडवायचा. झेडॉकनं स्वतः जानेवारीत, कुऱ्हाडीनं बर्फ फोडून, त्या भोकात डुबकी घेतली होती. गाव त्यांना ‘बुडके’ म्हणायचं.

गावच्या पाळकाचा पगार पाळकपट्टीतून निघायचा आणि ती पट्टी घरटी होती. बुडक्यांना सूट मिळायची, पण एका अटीवर. ‘हा इसम आमच्यातला आहे’ असा दाखला, पंथातल्या तिघांच्या सह्यांचा, दरसाल जूनच्या पहिल्या तारखेआत गावच्या कारकुनाकडे द्यायचा. नाही दिला तर जप्ती. झेडॉकनं तीन वर्षं दिला नव्हता.

त्याचं म्हणणं असं, “देवाची प्रार्थना कराया गावाची परवानगी मागायची? आज दाखला दिला तर परवानगी द्यायचा त्यांचा हक्क म्या मान्य केला, असं हुतंय.”

पहिल्या साली कढई गेली, दुसऱ्या साली गाय. सतराशे ऐंशीच्या वसंतात शिपायानं नोटीस आणली ती त्याच्या सफरचंदाच्या बागेच्या वरच्या तुकड्याची; जूनच्या एक तारखेआत दाखला आला तरच ती रद्द होणार होती. त्या तुकड्यात चार झाडं अन् त्याच्या दोन पोरी. मर्सी सहा वर्षांची, लोइस दहा महिन्यांची. सात वर्षांमागं घशाच्या रोगानं एकाच आठवड्यात गेल्या, अन् बापानंच तिथं पुरल्या.

बायको थँकफुल सातही घरं फिरली. तिघांच्या सह्या घेऊन आली अन् दाखला त्याच्यापुढं ठेवला.

“अवं, नुसता नेऊन द्यायचा हाय. त्वांड उघडूबी नका.”

“सोमवारी गावसभा हाय. नव्या राज्यघटनेवर मत हाय,” झेडॉक म्हणाला. “तिसरं कलम पाळकपट्टीचंच. ते पाडलं की दाखला कशापायी लागतोय?”

“आन् न्हाई पडलं तर?”

“तर मंगळवारी नेतो.”

नवऱ्याच्या तोंडून एवढं निघालं, हेच तिला पुष्कळ वाटलं.

सोमवारी प्रार्थनाघर गच्च भरलं. इंग्लंडच्या राजाशी लढाई चाललेली, निम्म्या घरांतली माणसं फौजेत, अन् आम्ही बाकांवर बसून राज्य कसं असावं ते ठरवत होतो. कारकुनानं तिसरं कलम वाचलं. लोकांच्या सुखासाठी अन् राज्याच्या टिकावासाठी धर्म पाहिजे, म्हणून गावोगावी पाळक ठेवावा अन् त्याचा खर्च गावानं उचलावा, असं काहीतरी लांबलचक.

डीकन लेव्ही बार्न्स उठले. प्रार्थनाघराचे कारभारी, झेडॉकच्या बागेला लागून त्यांचं शेत. माणूस वाईट नव्हे. पोरी गेल्या तेव्हा शववस्त्राचं कापड यांनीच दिलं होतं.

“आमचे आजे-पणजे ख्रिस्ताचं नाव घेऊन ह्या जंगलात उतरले,” ते म्हणाले. “त्या पायावर हे राज्य हुबं ऱ्हातंय. पाळक न्हाई तर पोरांना शपथेची भीती कोण घालंल? साक्षीदार कोर्टात खोटं बोलंल, जावई सासऱ्याला लुटंल.”

“जावई आताबी लुटतोय, डीकन!” मागून कुणीतरी ओरडलं. सभा हसली.

झेडॉक उठला. टोपी हातात चुरगाळत होता.

“ख्रिस्तानं पट्टी गोळा करणारा माणूस नाक्यावरनं उठवला, आपला चेला केला. परत नाक्यावर न्हाई बसवला,” तो म्हणाला. “राज्याला धर्म पायजे, म्याबी म्हंतो. पर गाय वढून नेऊन माझ्यात धर्म येतोय व्हय? चहावरची पट्टी आपल्याला इचारल्याबिगर लावली म्हणून बंदुका उचलल्या आपुन. माझा भाऊ त्यात मेला. त्यो काय ह्यापायी मेला, की लंडनचा शिपाई जावा आन् हार्टवेलचा यावा?”

“बुडक्या, डोकं भिजवलं की लई अक्कल येती का रं?” बाकावरून एकानं विचारलं.

“येती. बर्फ फोडाया म्या येतो, तू नुसता उडी मार.”

पुन्हा हशा. पण वाद दिवे लागायच्या वेळेपर्यंत गेला. सभा बरोबर दुभंगली होती. कलम पाडायला डीकनची बाजू तयार नाही, ठेवायला बाकीचे बरेच तयार नाहीत. तेव्हा झेडॉकच म्हणाला, “कलम ऱ्हाऊ द्या. फकस्त एवढंच घाला, की ज्याचं मन मानत न्हाई त्याच्याकडनं काडीबी जबरीनं घेऊ नये.”

डीकननी थोडा विचार केला. “कलम ऱ्हातंय ना? मग माझं काय म्हणणं न्हाई,” म्हणाले, अन् त्यांनी हात वर केला. मीही केला. सगळ्या सभेनं केला. कारकुनानं लिहिलं, की हे शब्द घातले तर गावाला कलम मान्य.

झेडॉक घरी गेला तो तरंगत. पिंपाच्या फळ्या वाकवायला भट्टी पेटलेली होती. दाखला उचलला अन् आत टाकला. थँकफुलनं हात घातला, पण कागदाला जळायला वेळ किती लागतो!

“आख्ख्या गावानं हात वर केला गं. डीकननंसुदिक.”

ती बोटं पाण्यात धरून उभी राहिली.

जून संपता संपता बोस्टनहून निकाल आला. तिथं मतं मोजायला बसलेल्यांपुढं गावोगावचे शेकडो कागद. कुणी हो म्हटलेलं, कुणी नाही, कुणी ‘असं केलं तर’. हार्टवेलचं ‘तर’ बाजूला पडलं अन् ‘मान्य’ तेवढं मोजलं गेलं. तिसरं कलम होतं तसं मंजूर झालं. कारकुनानं निकाल वाचला तेव्हा झेडॉकनं विचारलं, “आन् माझं वाक्य?” कारकुनानं कागद उलटापालटा करून पाहिला. “हितं न्हाई.”

दाखल्याची तारीख टळली होती. नवा चालेना. ऑक्टोबरात वरच्या तुकड्याचा लिलाव झाला अन् तो डीकननी घेतला. शेताला लागून होता, दुसऱ्या कुणी बोली लावली नाही. गहू पेरायला दुसऱ्याच दिवशी त्यांचे बैल बांधावर आले.

“पोरींना काढून आणू,” थँकफुल म्हणाली. “डीकनना इचारा.”

“माझ्या पोरींसाठी त्येला इचारू?”

“मग म्या इचारते.”

ती गेली. डीकन दारातच म्हणाले, “अगं, घिऊन जा की. इचारायचं काय त्यात!” गडबडीनं त्यांनी गड्याला बैल थांबवायला सांगितलं. नाही म्हटले असते तर झेडॉकला बरं वाटलं असतं, असं मला वाटतं. भांडायला जागा तरी राहिली असती.

भर सकाळी दोघं खणायला लागली. मर्सी मिळाली. थँकफुलनं तिला परकरात गुंडाळलं. लोइस मिळेना. झेडॉक कमरेइतका खाली गेला, मग कुशीला खणलं, मग झाडाची मुळं तोडली. माती चाळणीनं चाळली. दहा महिन्यांच्या पोरीचं सात वर्षांत काय उरणार!

सूर्य डोक्यावर आला. बैल शेपटीनं माश्या मारत उभे. गड्यानं दोनदा घसा खाकरला.

“अजून किती खोल जाऊ?” झेडॉकनं खड्ड्यातून विचारलं.

“लोइस मिळंपातूर,” थँकफुल म्हणाली, अन् बैलांच्या पुढ्यात जाऊन बसली.