लंडननं सांगितलं का?

आमच्या घरात कुठलीही बातमी आली की बाबा विचारत, "लंडननं सांगितलं का?" लंडन म्हणजे तिथून शॉर्टवेव्हवर येणारं हिंदी बातमीपत्र. चांदीपला, आमच्या गावच्या घरापुढच्या चिंचेला त्यांनी तांब्याची तार बांधून ठेवली होती. संध्याकाळी त्या खरखरीला कान लावून बसले की शेजारी आग लागली तरी उठले नसते. पंतप्रधानांना गोळ्या घातल्या हे गावात आधी त्यांनी सांगितलं, आपल्याकडच्या रेडिओवर तेव्हा गाणीच चालू होती. त्या दिवसापासून त्यांनी दुसऱ्या कुणावर विश्वास ठेवला नाही.

आई लंडनला सवत म्हणायची. भाकऱ्या गार व्हायच्या, ती दारात उभी राहून चरफडायची. एकदा म्हणाली, "मी मेले तरी तुमी लंडन सांगंल तवाच रडाल."

बाबांनी मान वर न करता उत्तर दिलं, "मंग? खात्री नको कराया?"

आम्ही पोट धरून हसलो होतो. पुढे कितीतरी वर्षं पाहुण्यांना हा किस्सा सांगायची जबाबदारी माझ्याकडे होती.

बाबांचे गुडघे गेले तेव्हा मी दोघांना एव्हरशाईन सिटीत माझ्या फ्लॅटवर आणलं. तार गॅलरीच्या ग्रिलला बांधली. लंडन अडखळत यायचं, पण यायचं. मग एका थंडीत तेही संपलं. आता रेडिओ ऐकतो कोण, सगळे मोबाईलवर, म्हणून तिकडच्या लोकांनी हिंदी प्रसारण बंद केलं. शेवटच्या संध्याकाळी निवेदकानं नीट निरोप घेतला. बाबांनी रेडिओ पुसला, आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळला आणि कपाटावर ठेवून दिला.

"गेली एकदाची सवत," आई म्हणाली. त्या रात्री तिनं त्यांच्या आवडीचं सुक्या बोंबलाचं कालवण केलं.

त्याच वर्षी साथ आली. आईला ताप चढला, दम लागला, अ‍ॅम्ब्युलन्स आली. ती आपल्या पायांनी जिना उतरली. बाबांना आणि मला घरातच कोंडून ठेवलं होतं. नंतर एक फोन आला, एवढंच. ना तिचं तोंड पाहिलं, ना तोंडात पानी घातलं. 'पानी'च म्हणते, तिचा शब्द तोच होता.

मी बाबांना सांगितलं. ते ग्रिलकडे बघत म्हणाले, "लंडननं सांगितलं का?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटावरचा रेडिओ मागितला, तार जोडली, काटा फिरवला. नुसती खरखर. रोज संध्याकाळी तेच. दिवसकार्य करू देईनात. फोटो भिंतीवर लावला तर म्हणाले, "लाव, पन हार घालू नको." डोळ्यांतून टिपूस नाही. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे. मला माझ्या आईसाठी कुणाबरोबर तरी रडायचं होतं, आणि जगात माझ्याशिवाय तिचा एवढा जवळचा हा एकच माणूस, तो खरखर ऐकत बसलेला. दुःखानं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असं मी धरून चालले.

वर्षश्राद्धाला मात्र मी ऐकणार नव्हते. झेंडूचा हार घेऊन आले तर बाबा गॅलरीत, रेडिओ मांडीवर.

"बाबा, पुरे आता," मी म्हणाले. "लंडन बंद झालंय. तुमच्या समोर बंद झालं. ते आता कधीच काही सांगणार नाही."

त्यांनी काट्यावरचा हात काढला. माझ्या हातातल्या हाराकडे बघितलं.

"बंद झालं ते ठावं हाय मला," ते म्हणाले. "म्हनून तर लावतो."

मी हार पिशवीत परत ठेवला. खरखर फार बारीक येत होती, म्हणून खाली जाऊन नवे सेल घेऊन आले.