पाचारण माझं, हाक पप्पांना

माझे वडील सध्या कोपरला माझ्या घरी राहतात आणि रोज संध्याकाळी सहा वाजता माझ्या मुलीला धर्मशिक्षण देतात. मला ते अजिबात आवडत नाही. आई गेल्यावर ठाण्याच्या गावठाणातल्या घरात त्यांना एकटं ठेवता येईना म्हणून इथे आणलं, एवढंच. मुलगी आठ वर्षांची आहे, तिच्या पहिल्या कम्युनियनचा विधी जवळ आला आहे, आणि बायको म्हणाली, घरात एवढा शिकवणारा माणूस असताना बाहेर कशाला पाठवायचं. या शिकवणाऱ्या माणसाला मी लहानपणी पुरेपूर भोगलंय, हे तिला कितीदा सांगायचं?

वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर होते. रविवारी मिस्साची प्रार्थना झाली की चर्चच्या मागच्या खोलीत ते आम्हा मुलांना शिकवायचे. मोशे, दावीद, योना सगळे त्यांना पाठ, पण जीव अब्राहामावर. देव म्हणाला देश सोड, त्याने सोडला. देव म्हणाला पोटचा पोरगा अर्पण कर, तो सकाळी लवकर उठून लाकडं फोडायला लागला. "एक प्रश्न विचारला नाही," वडील बोट वर करून म्हणायचे. "याला म्हणतात श्रद्धा. याला म्हणतात आज्ञापालन." मग ते माझ्याकडे बघायचे. वर्गही माझ्याकडेच बघायचा, कारण मी कोण आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मी देवाला दिलेला होतो. दहा महिन्यांचा असताना मला न्यूमोनिया झाला, डॉक्टरांनी आशा सोडली, आणि वडिलांनी हॉस्पिटलच्या जिन्यातच नवस केला: हा वाचला तर याला फादर करीन. मी वाचलो. ज्या नर्सने जागून औषधं दिली तिचा चेहराही घरात कोणाला आठवत नाही, नवस मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिला. गल्लीतली पोरं मला 'फादर' म्हणायची. टेंभी नाक्यावर हंडी बघायला निघाली की म्हणायची, "फादर, तू नको येऊ रे, तुला पाप लागेल." शेजारणी मला सणाच्या बोकडासारखं कौतुकाने खायला घालायच्या.

तेरा वर्षांचा असताना मी वर्गात विचारलं, "त्या मुलाला कोणी विचारलेलं का?" वडील म्हणाले, "गरजच नव्हती. इसहाक मुकाट गेला." घरी येऊन मी बायबल उघडलं. मुकाट वगैरे काही गेला नव्हता. लाकडं आहेत, विस्तव आहे, मग होमासाठी कोकरू कुठाय, असं त्याने डोंगराच्या वाटेवर बापाला सरळ विचारलं होतं. पुढच्या रविवारी मी उभा राहून तेवढं सांगितलं. वडिलांनी माझ्या कानाखाली वाजवली आणि धडा पुढे चालू ठेवला. देवदूत हाक मारून अब्राहामाला थांबवतो, मुलाऐवजी बळी द्यायला झुडपात अडकलेला एडका सापडतो, हा भाग ते नेहमीच घाईत उरकायचे. त्यांचा धडा सुरीपर्यंतच रंगायचा.

आई एकदाच मध्ये पडली. "पोराला एकदा विचारा तरी," असं तिने बोंबील साफ करता करता म्हटलं. वडील म्हणाले, "अब्राहामाने बायकोला, साराला विचारलेलं?" आई बोंबील साफ करत राहिली. मला वडिलांचा राग होताच, त्या दिवशी आईचाही आला.

बारावीनंतर मला सेमिनरीत नेलं, फादर घडवतात तिथे. वडील बाहेर बाकावर बसले आणि तिथल्यांनी मला एकट्याला आत बोलावलं. आमच्या चर्चच्या मराठीत एक शब्द आहे, पाचारण. फादर व्हायचं तर आधी देवाने तुम्हाला बोलावलं पाहिजे, त्या बोलावण्याला पाचारण म्हणतात. तिथल्या प्रमुख फादरांनी मला पहिलाच प्रश्न विचारला, "तुला पाचारण कधी जाणवलं?"

मी म्हणालो, "मला नाही फादर, पप्पांना."

त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. मी मुळीच थट्टा करत नव्हतो. सतरा वर्षं माझी खरंच समजूत होती की पाचारण बापालाच येतं, रेशनकार्ड त्याच्या नावावर असतं तसं. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. मग त्यांनी फाइल मिटली, मला चहा दिला आणि बाहेर येऊन वडिलांना म्हणाले, "याला घरी न्या. दुसऱ्याच्या शब्दावर आम्ही कोणाला घेत नाही."

संध्याकाळी रोझरीची प्रार्थना झाली की आम्ही मुलं हात जोडून मोठ्यांकडे बेसांव, म्हणजे आशीर्वाद, मागायचो. त्या संध्याकाळी मी वडिलांसमोर हात जोडले. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "नवस मोडणाऱ्याला माझा बेसांव नाही," ते म्हणाले. नवस त्यांनी केला आणि मोडला म्हणे मी. मूर्खासारखा तसाच हात जोडून मी कितीतरी वेळ उभा होतो. शेवटी आईने माझे हात धरून खाली केले. पुढे तीन आठवडे रोज तेच. मग मी कल्याणला मावशीकडे निघून गेलो आणि शहाडला कंपनीत लागलो.

अब्राहामाची एकच गोष्ट मला पटते. थांब म्हटल्यावर तो थांबला. आज्ञापालन म्हणायचं तर ते तिथे होतं, आणि माझ्या वडिलांनी तेवढंच कधी शिकवलं नाही. त्यांनाही थांब म्हणणारा भेटला होता, मला चहा देऊन बाहेर आलेला तो फादर. त्याचं त्यांनी ऐकलं नाही. बावीस वर्षं आमच्यात गोळी घेतली का आणि पंखा लावू का, यापलीकडे बोलणं नाही.

गेल्या आठवड्यात मी लवकर घरी आलो. टेबलावर धडा चालू होता, अब्राहामाचा. मी स्वयंपाकघरात पाण्याचा ग्लास हातात घेऊन थांबलो आणि मनाशी पक्कं ठरवलं: माझ्या मुलीला ते वाक्य ऐकवलं, तर उद्याच यांना ठाण्याला सोडून यायचं. मग तिथे एकटे राहोत नाहीतर काहीही करोत.

"एक प्रश्न विचारला नाही," वडील म्हणाले.

मी बाहेर आलो. पण माझ्याआधी मुलगीच बोलली. "आजोबा, मग डोंगरावरून परत येताना तो मुलगा बाबांशी काय बोलला?"

वडिलांना पुस्तकात बघावं लागत नाही. "काही नाही," ते म्हणाले. "त्यानंतर ते दोघं एकमेकांशी बोलल्याचं कुठे लिहिलेलं नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

तेव्हा त्यांना मी दारात दिसलो. मी वाट पाहिली. एक शब्द पुरला असता, आणि तो त्यांना सुचला नसेल असं मला वाटत नाही. त्यांनी चष्मा सारखा केला आणि मुलीला म्हणाले, "पुढचा धडा काढ."

मी ग्लास घेऊन स्वयंपाकघरात परत गेलो. त्यांना घालवायचं तर आधी त्यांच्याशी बोलावं लागलं असतं.