पिंपाच्या मापाची वायर

पंक्चरच्या सोल्युशनचा वास आला की मला शाळेतल्या रोबो स्पर्धेचा तो पोहण्याचा तलाव आठवतो. लातूरला तेव्हा पाणी टँकरचं, त्यामुळे पाण्यात चालणारा रोबो आम्ही तिघी मैत्रिणींनी घरच्या निळ्या पिंपातच चालवून पाहिला होता. स्पर्धेत त्याला तळ गाठायचा होता, पण तलावात सोडला तर अर्ध्यावरच लटकला. काठावरून त्याला वीज देणारी वायर पिंपापुरतीच कापलेली! सोबत आलेले आमचे सर म्हणाले, “उद्या क्लासची टेस्ट हाय, नाव मागं घ्या.” आमच्यातली एक मैत्रीण उसळली, “न्हाई सर, तळ गाठल्याबिगर हलायचं न्हाई.” आम्ही आमच्या मोबाईल चार्जरच्या वायरी कापून जोडल्या, रस्त्यावरच्या पंक्चरवाल्या चाचांकडून सोल्युशन आणून सांध्यांवर ट्यूबचे तुकडे चिकटवले. पुन्हा सोडला, तेव्हा तो हळूहळू खाली जात तळाच्या फरशीला टेकला. नंबर काही आला नाही. पण तेव्हापासून मी कुठलीच गोष्ट पिंपाच्या मापानं कापत नाही.