तिसऱ्या पायरीवरचं शेवाळ

देवळामागच्या कुंडाच्या तिसऱ्या पायरीवर तळहाताएवढं शेवाळ होतं. अतिशय दुर्मीळ, आमच्या माहितीत एवढ्या एकाच जागी उरलेलं. वनखात्याचे साहेब ते बघायला येणार होते. पण 'साहेब शेवाळ बघायला येताहेत' म्हटलं तर गाव हसेल, म्हणून मी नुसतं 'कुंड बघायला येताहेत' असं सांगितलं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा पायऱ्या पांढऱ्याफटक होत्या. कडेने रांगोळी. देवळाची झाडलोट करणाऱ्या पार्वतीमावशी कौतुकाची वाट बघत उभ्या.

"साहेब घसरायला नकोत म्हणून तारेच्या ब्रशनं खरवडलं, सर. लई चिवट होतं. आज सकाळपर्यंत घासत होते."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी रांगोळीकडे.

एखादी जात पृथ्वीवरून पुसायला कुऱ्हाड, वणवा असलं काही लागत असेल, असं मला वाटायचं. माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाची लाजसुद्धा पुरते.

"छान केलंत, मावशी," मी म्हणालो. खरं सांगायला तेव्हाही लाजच वाटली.

मावशींनी हसून हात जोडले. त्यांच्या नखांत अजून थोडं हिरवं होतं. उरलं होतं ते तेवढंच.